तालुक्याच्या गावात नवा वार्ताहर : सुरुवात कुठून करायची?

रात्री नऊच्या सुमाराला बाजारपेठेत आग लागते. अग्निशमनचा बंब निघायच्या आत गावातल्या चार व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरतो. सकाळी पेपर येईपर्यंत आग कुठे लागली, कुणाचं दुकान जळालं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. तरी टपरीवर पेपर उघडला की लोक आधी तीच बातमी वाचतात. कारण रात्रभर कुणी तीन दुकानं म्हणालेलं असतं, कुणी सात. कुणी शॉर्टसर्किट म्हणतं, कुणी डोळा मारून भलतंच सुचवतं. त्यातलं खरं काय ते लोकांना बघायचं असतं.

तालुक्याच्या गावी नव्यानं बातमीदारी सुरू करणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावं. वेगात तुम्ही मोबाइलवाल्या पोरांपुढे टिकणार नाही. नाव, आकडा आणि तारीख चोख ठेवणं मात्र तुमच्या हातात आहे. पुढे जे काही सांगतोय ते सगळं त्यासाठीच.

आधी पंधरा दिवस नुसतं फिरा

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की माणूस हुरळतो आणि थेट आमदारांची मुलाखत मागायला जातो. तसं करू नका. एक दोनशे पानी वही घ्या आणि रोज एक कार्यालय धरा. तहसील, पंचायत समिती, नगरपंचायत किंवा नगरपरिषद, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, एसटीचं आगार, महावितरण, दुय्यम निबंधक. साहेबांना भेटायचं, नाव सांगायचं, नंबर द्यायचा आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं. खरा वेळ बाहेर घालवायचा. आवक-जावक सांभाळणारे लिपिक, दारातले शिपाईमामा, ठाण्यातले ठाणे अंमलदार यांच्यापाशी. साहेब आज आहेत, उद्या बदलीवर जातील. आवक-जावकची मंडळी तिथंच असतात आणि कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच माहीत असतं.

बोलताना गावाची रीत सोडू नका. तहसीलदारांना रावसाहेब म्हणतात, तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला भाऊसाहेब. २०२४ मध्ये या पदांची नावं बदलली. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. छापताना नवं पद लिहा, तोंडी भाऊसाहेबच म्हणा. ते स्वतःही एकमेकांना तसंच म्हणतात.

प्रत्येक कार्यालयात एक सूचना फलक असतो. बहुतेक ठिकाणी त्याची काच फुटलेली असते आणि कागद उन्हानं पिवळे पडलेले असतात. त्याचा आठवड्याला एकदा फोटो काढा. निविदा, लिलाव, प्रारूप मतदार यादी, विकास आराखड्यावरच्या हरकती, सगळं तिथं लागतं. ‘हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत सादर कराव्यात’ ही ओळ दिसली की थांबायचं. ती तारीख लोकांना कळावी अशी घाई सहसा कुणालाच नसते, त्यामुळे तिची प्रेसनोट तुमच्याकडे येत नाही. ती तुम्हीच छापायची, आणि मुदत संपायच्या आत छापायची.

वर्षाची वही

त्या वहीतली मागची बारा पानं बारा महिन्यांना द्या. तालुक्याच्या गावी निम्म्या बातम्यांची तारीख आधीच ठरलेली असते. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. पालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून अंदाजपत्रकाची सभा त्याआधी. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मग सप्ताह, यात्रा, उरूस, शाळांची स्नेहसंमेलनं, कुस्त्यांची मैदानं, दहावी-बारावीचे निकाल, पेरण्या, पोळा, गणपती. यात्रा तिथीनं असते, तारखेनं नाही, त्यामुळे दरवर्षी पंचांग बघून वही नव्यानं भरावी लागते. गेल्या वर्षीची तारीख तशीच उतरवून तोंडघशी पडलेले वार्ताहर मला ठाऊक आहेत.

त्यात ६ जानेवारीही लिहून ठेवा. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन असतो. त्या दिवशी तुम्हाला शाल-श्रीफळ मिळेल. बहुधा ज्यांच्या सभेची बातमी आठवडाभरानं करायची आहे, त्यांच्याच हातून. घ्या, नमस्कार करा आणि आठवडाभरानं जी बातमी करायची ती करा.

आकडे : इथंच नवा माणूस फसतो

गावाकडच्या बातमीत पाऊस, धरण आणि बाजारभाव हे तीन आकडे सगळ्यात जास्त वाचले जातात आणि चुकतातही तेच सगळ्यात जास्त. म्हणून जरा सविस्तर.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि दिवस धरतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. म्हणजे सोमवारी रात्री कोसळलेला पाऊस मंगळवारच्या नोंदीत येतो. तुम्ही ‘मंगळवारी ४० मिलिमीटर पाऊस’ असं लिहिलंत तर मंगळवारी लख्ख ऊन अनुभवलेला वाचक हसेल. ‘मंगळवारी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत’ असं लिहा. शब्द वाढतात, पण वाढू द्या.

‘अतिवृष्टी’ हा शब्द तर हात आखडूनच वापरा. रस्त्यावरून पाणी वाहिलं म्हणजे अतिवृष्टी झाली असं होत नाही. सरकारी मदतीच्या हिशेबात महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या महसुली गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद लागते, आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. तुम्ही मथळ्यात अतिवृष्टी छापता. शेतकरी ते कात्रण खिशात घालून तहसीलात जातो, तिथं त्याला मंडळाची ५८ मिलिमीटरची नोंद दाखवतात, आणि तो दिवसभराची मजुरी बुडवून परत येतो. त्याच्या मनात तेव्हा तहसीलदार खोटा असतो आणि तुम्हीही. याला दुसरी बाजूही आहे. मंडळाचं पर्जन्यमापक एकाच जागी असतं, आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या शिवारात ढग फुटला तरी त्याच्या खात्यात ते जमा होत नाही. ही खरी बातमी. अतिवृष्टी हा शब्द न वापरताही ती करता येते. शिवारात जाऊन बांध कुठे फुटला, किती एकरांत पाणी आहे ते लिहा, खाली मंडळाचा आकडा द्या आणि दोन्ही जागांतलं अंतर सांगा.

धरणाचा साठा कुणी टीएमसीत सांगतं, कुणी दलघमीत. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि ते सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर (दलघमी) होतात. विसर्ग क्युसेकमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. एक क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हे सुमारे ३५ क्युसेक. ही तीन वाक्यं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. एका अक्षराच्या फरकानं पूर पस्तीसपट होतो. टक्केवारी उपयुक्त साठ्याची आहे की एकूण साठ्याची, हेही विचारायचं. उजनी धरणाची उन्हाळ्यातली टक्केवारी वजामध्ये जाते ती याचमुळे. तिथं मृतसाठाच (तळाचं, उपयुक्त न धरलेलं पाणी) सुमारे ६३ टीएमसी आहे, त्यामुळे उपयुक्त पाणी संपलं तरी धरणात पुष्कळ पाणी दिसतं. ‘वजा ३० टक्के’ हा आकडा पहिल्यांदा पाहिलेला नवा वार्ताहर ती छपाईची चूक समजून अधिकचं चिन्ह करून टाकतो. हसू नका, असं झालेलं आहे.

बाजारभावाचं वेगळंच. बाजार समिती तीन भाव देते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण, तेही क्विंटलला. मथळ्यात नेहमी कमाल येतो, कारण तो दिसायला गोंडस. पण कमाल भाव कधी कधी एखाद्याच वक्कलाला (मालाच्या ढिगाला) मिळालेला असतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी तर मुहूर्ताचा भाव असतो. एखादा व्यापारी हौसेनं बोली चढवतो, शेतकऱ्याला फेटा बांधतात, फोटो निघतो. तो भाव दुसऱ्या दिवशी राहत नाही. बातमीत सर्वसाधारण भाव आधी, आवक किती ते त्याला लागून, आणि मुहूर्ताचा असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. कांदा असेल तर लासलगावचा भाव शेजारी द्या. वाचक तसाही तो फोनवर बघून तुमच्या आकड्याशी ताडून पाहणार आहे.

सभा

पालिकेच्या सर्वसाधारण सभेला जाण्याआधी विषयपत्रिका मिळवा. नगरसेवकांना ती आधी गेलेली असते, त्यातल्या कुणाही ओळखीच्याकडून मिळते. विषय वाचून जा, नाही तर सभेत ‘विषय क्रमांक सात मंजूर’ एवढंच कानावर पडेल आणि सात म्हणजे काय ते कळायच्या आत आठ मंजूर झालेला असेल. बावीस विषय पंचवीस मिनिटांत संपलेले मी पाहिलेत.

आणि शेवटपर्यंत थांबा. पत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. चहा आलेला असतो, निम्मे सदस्य उठलेले असतात, बाकीचे वार्ताहर बाहेर बाइटच्या मागे लागलेले असतात. छापील पत्रिकेत न आलेली जागा, भाडेपट्टा, दरवाढ नेमकी तेव्हा येते. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणी नोंदवला, हे लिहून घ्या. नंतर इतिवृत्त कायम होईल तेव्हा आपल्या वहीशी ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर ती नवी बातमी.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंचवीस माणसांत मोठमोठे ठराव होतात. त्यामुळे ग्रामसभेला गेलात की आधी डोकी मोजा आणि सभा मूळची आहे की तहकुबीनंतरची, ते विचारा.

पोलीस ठाणं आणि काय छापायचं नाही

गुन्ह्याची बातमी तोंडी ऐकून करायची नाही. फिर्याद वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधल्या आदेशामुळे संवेदनशील गुन्हे वगळून बाकीच्या फिर्यादी २४ तासांत संकेतस्थळावर टाकाव्या लागतात, त्यामुळे ‘कागद नाही’ हे उत्तर आता फारसं चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पण घटना त्याआधीची असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतात. फिर्यादीत दोन्हींपैकी काय आहे ते बघूनच कलम लिहा, किंवा सरळ कलम गाळा. वाचकाला कलमाचं काही पडलेलं नसतं.

‘गुन्हा दाखल झाला’ म्हणजे गुन्हा केला असं नाही. ‘संशयित’, ‘फिर्यादीत म्हटल्याप्रमाणे’ हे शब्द कंटाळवाणे आहेत खरे, पण त्यांच्याशिवाय चालत नाही. गावात तो माणूस उद्या तुमच्यासमोरच भाजी घेत असणार आहे.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि विधिसंघर्षग्रस्त बालकासाठी (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी) २०१५ चा बाल न्याय कायदा. ‘नाव बदललं आहे’ एवढं लिहून सुटका होते असं शहरातल्या माणसाला वाटेल. आपल्याकडे तसं नाही. ‘अमुक वाडीतली, नववीत शिकणारी, आई अंगणवाडीत’ एवढं छापलं की अख्ख्या तालुक्यानं दाराकडे बोट दाखवलं म्हणून समजा. वाडी काढा, इयत्ता काढा, आईची नोकरी काढा. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नावही काढावं लागतं, कारण त्यावरून मुलगी कळते. बातमी चार ओळींची उरली तर उरू द्या.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, औषधाचं नाव, चिठ्ठीतला मजकूर, जागेचा फोटो यातलं काहीही नको. एका वाक्यात कारण ठरवून टाकू नका. खाली ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलतात.

कार्यक्रमाच्या बातम्या

रोज संध्याकाळी तुमच्या फोनवर दहा-बारा प्रेसनोटा येतील. सगळ्या एकाच साच्यातल्या : ‘मोठ्या उत्साहात संपन्न’, ‘मान्यवरांची मांदियाळी’, मग तीस नावं, शेवटी आभार. समजा, रक्तदान शिबिराची नोट आहे. तीस नावांच्या गर्दीत कुठेतरी ‘८७ बाटल्या रक्त संकलित’ असं लिहिलेलं असतं. फोन उचला आणि रक्तपेढीच्या माणसाला विचारा : किती जण आले होते, किती परत गेले? रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. परत गेलेल्यांत बायकाच जास्त असतील तर तुमच्या गावातल्या बायकांच्या अंगात रक्त नाही, ही बातमी त्या तीस नावांमागे दडलेली होती. नावं तीनच ठेवा : आयोजक, उद्घाटक आणि डॉक्टर. उरलेल्या सत्तावीस जणांचे फोन येतील. ‘दादा, जागा नव्हती’ हे उत्तर खरंही असतं आणि सगळ्यांना चालतंही.

होऊ घातलेल्या कार्यक्रमाची बातमी मागून येणाऱ्या वृत्तांतापेक्षा कितीतरी उपयोगाची, तरी नवे वार्ताहर ती दोन ओळींत उरकतात. वार आणि तारीख जुळते का ते कॅलेंडर उघडून बघा, पत्रिकेत हटकून चुकलेलं असतं. वेळ, नेमकी जागा (‘शाळेच्या प्रांगणात’ म्हणजे जुन्या इमारतीत की नव्या?), प्रवेश सगळ्यांना की निमंत्रितांनाच, वर्गणी किंवा शुल्क, नोंदणीची शेवटची तारीख, पावसाचे दिवस असतील तर पर्यायी जागा. रात्रीचा कार्यक्रम असेल तर संपायची वेळ मुद्दाम विचारा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. त्या दिवसांत हा दिवस बसतो का? आयोजकाला हा प्रश्न आवडत नाही, पण शेजारच्या गल्लीत बारावीचा अभ्यास करणाऱ्या पोरीच्या आईला उत्तर हवं असतं.

गर्दीचा आकडा आयोजकाला विचारू नका, पोलिसांनाही नको. मंडपवाल्याला विचारा. त्याला खुर्च्यांचे पैसे मिळायचे असतात, म्हणून त्याचा आकडा पक्का. एका रांगेत किती, रांगा किती, भरल्या किती, मागे उभे किती. मी एकदा ‘हजारोंच्या उपस्थितीत’ अशी नोट आलेल्या सभेच्या मंडपवाल्याला गाठलं. तो खुर्च्या ट्रॅक्टरमध्ये चढवत होता. म्हणाला, “चारशे आणल्या होत्या भाऊ, दीडशे तर उघडल्याच नाहीत. हे बघा, दोरी पण सोडली नाही.” त्या दोरी न सोडलेल्या थप्पीचा फोटो मी काढला नाही, याची अजून हळहळ वाटते.

कुस्तीचं मैदान असो, बैलगाडा शर्यत असो, निकालाची नावं घाईत ऐकून लिहू नका. पंचांच्या कागदावरून उतरवा, पैलवानाची तालीम आणि गाव दोन्ही लिहा. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये हिरवा कंदील दाखवला असला तरी प्रत्येक शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती आहे का, हे बातमीत येऊ द्या.

निधनवार्ता

सगळ्यात छोटी आणि सगळ्यात जास्त वाचली जाणारी बातमी. मी नवा असतानाची गोष्ट. रात्री उशिरा फोन आला, अमुक अण्णा गेले. नाव, आडनाव, वाडी, सगळं सांगितलं. माझ्याकडे जुन्या कार्यक्रमातला त्यांचा फोटो होता, तो मी हौसेनं जोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सायकल लागली. अण्णा आत आले, पेपरची घडी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, “बाळा, दहावा कधी ठेवलायस तेवढं सांग. मी पण येतो.” गेलेले त्यांचे चुलतभाऊ होते, नाव एकच, वडिलांचं नाव वेगळं. चहा पिऊन गेले बिचारे. त्यांच्या सुनेनं मात्र दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तेव्हापासून माझा नियम : पूर्ण नाव, म्हणजे वडिलांचं किंवा पतीचं नाव मधोमध हवंच. वय हवं. घरच्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय ओळ छापायची नाही, मग रात्रीचे अकरा वाजलेले असोत. फोटो त्यांच्याकडूनच मागायचा. ‘त्यांच्या पश्चात’ पुढची नाती त्यांनी सांगितलेल्या क्रमानं लिहायची आणि वाचून दाखवायची, कारण तिथं विसरलेली एक मुलगी आयुष्यभर लक्षात ठेवते. अंत्यविधी आणि दशक्रियेची वेळ पुन्हा विचारून घ्यायची.

माहिती अधिकार, थोडक्यात

तोंडी मिळत नाही ते अर्जानं मिळतं. २००५ च्या कायद्याप्रमाणे उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्जाला १० रुपये शुल्क, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असं लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत’ असं कागदाचं नाव घेऊन मागा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज टाकल्याची तारीख वर्षाच्या वहीत लिहा, नाही तर अपिलाची मुदत हमखास हुकते.

पैशाचं

हे कुणी लिहून देत नाही, म्हणून लिहितो. तालुका वार्ताहराचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची, त्यांच्याच कारभाराची बातमी करायची. यातून साफ वाट मला सापडलेली नाही. एक पाळतो : जाहिरात मागायला जातो तेव्हा बातमीचं बोलत नाही, आणि बातमीसाठी जातो तेव्हा जाहिरातीचं. कुणी एकात दुसरं घुसवलं की चहा अर्धा ठेवून उठायचं. पत्रकार परिषदेत पाकीट फिरतं. पहिल्यांदा परत केलंत की दुसऱ्यांदा तुमच्यापर्यंत येत नाही, त्यामुळे पहिली वेळच काय ती अवघड. जोडीला दुसरा धंदा असू द्या, झेरॉक्सचं दुकान, शिकवणी, शेती, काहीही.

काही जणांना वर्षभरात स्वतःचं साप्ताहिक काढायची उबळ येते. त्यात वावगं काही नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं ‘दीनमित्र’ नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक वर्षं निघत होतं. पण आधी नोंदणी करा. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, अर्ज आता ऑनलाइन प्रेस महानिबंधकांकडे जातो.

चूक झाली तर

होणारच. दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर, स्पष्ट शब्दांत दुरुस्ती : काय छापलं होतं, बरोबर काय आहे. ‘नजरचुकीने’ एवढं पुरे, त्यापुढे सबबी नकोत. डेस्कवाल्यांना दुरुस्ती छापायला आवडत नाही, जागा नाही म्हणतात. पिच्छा सोडू नका. आणि ज्याच्याबद्दल चूक झाली त्याच्या घरी स्वतः जा, फोनवर भागवू नका.

पहिली बातमी

पहिल्या आठवड्यात मोठं काही शोधू नका. पाणी कधी येणार, एवढं लिहा. पाणीपुरवठ्याच्या टाकीवर वॉल्व्ह सोडणारा कर्मचारी असतो, पहाटे साडेपाचला तिथं भेटतो. कुठल्या भागाला कुठल्या दिवशी किती वाजता आणि किती मिनिटं पाणी सोडतो, हे त्याच्या खिशातल्या डायरीत असतं. ते उतरवा, पालिकेच्या अभियंत्याला वाचून दाखवा, भागांची नावं लोक म्हणतात तशीच ठेवा (प्रभाग क्रमांक कुणाला पाठ नसतो), आणि चौकट करून पाठवा. ज्या दिवशी छापून येईल त्या सकाळी त्यातल्या एका गल्लीत जाऊन लिहिलेल्या वेळेला नळाला पाणी येतं का ते बघा. जाताना वही बरोबर ठेवा, कारण पाणी आलं नाही तर दुसरी बातमी तिथंच उभी असेल, हातात रिकामी घागर घेऊन.